चिकटकाकूचा कोरा शिक्का

शिक्के हातात पडले त्या सकाळी चिकटकाकूचे पाय काही जमिनीला लागेनात. एकोणीस वर्षं ती त्या कारखान्यात विजेच्या पेट्यांवर लेबलं चिकटवत होती, म्हणून हे नाव. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच सुखात होतं. जुने तपासनीस निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी डोकं खाजवत खाजवत तिला बोलावलं. म्हणाले, "काकू, आठवडाभर बघू. जमलं तर शिक्के तुमचे. नाही जमलं तर तुमची लेबलं आहेतच."

शिक्के दोन होते. एक 'तपासले', झिजून गुळगुळीत झालेला. दुसरा 'परत', आणि त्याचं रबर अजून कोरं करकरीत होतं. म्हाताऱ्यांनी तो जन्मात कधी शाईला लावलाच नव्हता!

काकूने आधी हातरुमालावर 'तपासले' मारून बघितलं. मग डब्याच्या झाकणावर. मग चहा घेऊन आलेल्या नवऱ्याच्या मनगटावर. नवरा त्याच कारखान्यात वायरमन. तो हात पुढे करून म्हणाला, "झालो बाबा पास एकदाचा! लग्नाला सव्वीस वर्षं झाली." आणि दोघं इतकी हसली, की चहा बशीत सांडला.

बाहेर ट्रक लागला होता. चाळीस पेट्या दुपारी जायच्या होत्या. काकू गुणगुणत पहिल्या पेटीपाशी गेली, दार उघडलं, आणि गुणगुणणं तिथल्या तिथं थांबलं.

पेटीत अर्थिंगचे चार स्क्रू असतात. बाहेरून येणारी अर्थिंगची मुख्य तार तळाच्या एकाच स्क्रूला लावायची. बाकीचे तीन, दाराचा, झाकणाचा आणि मागच्या पत्र्याचा, आतल्या आत हिरव्या तारांनी त्याला जोडलेले. प्रत्येक स्क्रूपाशी खुणेचं लेबल, आणि खूण सगळ्यांची सारखीच: एक उभी रेघ आणि खाली लहान लहान होत गेलेल्या तीन आडव्या रेघा. पण तळाच्या स्क्रूवरच्या खुणेभोवती गोल हवा. तो गोल त्या एकाचाच मान. आणि इथं तर चारही स्क्रूंवर गोल मिरवत होते!

दुसरी पेटी, तिसरी, दहावी. सगळीकडे तेच.

"अहो!" काकूने हाक मारली. त्या सुरात ती हाक घरी फक्त दूध उतू गेल्यावर ऐकू यायची.

काकू दोन दिवस तपासणीचं शिकायला गेली होती तेव्हा लेबलं नवऱ्याने लावली होती. तो कान खाजवत आला. "अगं, गोलातली दिसायला भारी वाटतात. म्हटलं, तुझा पहिलाच माल, जरा उठून दिसू दे."

काकूला हसावं की रडावं कळेना. प्रेमानं केलेला घोटाळा हा सगळ्यात अवघड घोटाळा, कारण त्याला शिव्याही धड देता येत नाहीत.

साहेब घड्याळ बघत आले. "काय झालं? ट्रकवाला बोंब मारतोय."

काकूने सांगितलं. साहेब म्हणाले, "स्टिकर तर आहे, काकू! तारा बरोबर आहेत ना? मारा शिक्का, सोडा माल."

 आठवडा आज कुठे सुरू झाला होता, आणि आजच संपेल असं दिसत होतं. पण तिने शिक्क्याला हात लावला नाही; तारेचा एक तुकडा उचलून साहेबांपुढे धरला.

"साहेब, तुम्ही पेटी बसवणारे आहात असं समजा. ही तार घ्या. लावा."

साहेबांनी पेटीत डोकावलं. तळाचा स्क्रू अडचणीत, दाराचा हाताशी. गोल दोन्हीकडे. त्यांनी दाराच्या स्क्रूला तार लावली.

"छान," काकू म्हणाली. "आता उद्या कुणीतरी रंगवायला दार काढलं." तिने दाराची हिरवी तार सोडवली, बिजागरीतून दार उचललं आणि बाजूला ठेवलं. मुख्य तार दाराबरोबर गेली. "राहिली पेटी बिनअर्थिंगची. आत कुठं विजेची तार सुटून पत्र्याला टेकली, तर हात लावणारा गेला की हो!"

साहेबांनी दाराकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, आपल्या हाताकडे बघितलं आणि तो हात पटकन खिशात घातला.

काकूने कोरा शिक्का शाईत बुडवला आणि पहिल्या पेटीच्या तपासणीच्या कागदावर ठप्पकन 'परत' मारलं. अक्षरं अशी काही ठसठशीत उठली, की तिला एकदम गुदगुल्या झाल्यासारखं झालं. एकोणचाळीस कागद अजून बाकी होते, आणि तिने एकही सोडला नाही.

"पण मला तर तू सकाळीच पास केलंस!" नवरा मनगट दाखवत म्हणाला. सगळा कारखाना फिदीफिदी हसत सुटला, साहेबसुद्धा.

मग काय, जो तो नखं लावून बसला. एकशेवीस गोल खरवडून त्यांच्या जागी बिनगोलाची लेबलं लावायची होती. ट्रकवाल्याने बोंब मारून मारून शेवटी स्वतःच चार पेट्या घेतल्या. कुणाच्या कोपराला स्टिकर, कुणाच्या टकलावर. काकू या पेटीवरून त्या पेटीकडे वाऱ्यासारखी फिरत 'तपासले' मारत होती आणि हसून हसून तिच्या बरगड्या दुखत होत्या.

चाळिसावी पेटी साहेबांनी स्वतः केली. बाह्या सरसावून, जीभ बाहेर काढून, घाईत तळाचं लेबलही खरवडून नवं लावत. "घ्या, काकू. मारा आता."

काकूने वाकून बघितलं. गोल एकच होता, तळाशीच होता. पण आतल्या रेघा डोक्यावर उभ्या होत्या.

 नवऱ्याने हळूच मान हलवली, जाऊ दे म्हणून.

"साहेब," काकू म्हणाली, "उलटं लागलंय." आणि तिने साहेबांच्या डोळ्यांदेखत 'परत' मारलं.

साहेबांनी पेटी पुन्हा पुढ्यात ओढली. मग खाली बसले आणि नखाने स्टिकर खरवडायला लागले. मान वर न करता म्हणाले, "काकू, ते आठवड्याचं राहू द्या. शिक्के तुमचेच."