लिफ्टमधल्या काकांनी ऐकलेलं भांडण

लिफ्ट बिघडल्याच्या तक्रारी फोनवर घेणं, हे तिचं काम. कंपनीने घरून काम करायची मुभा दिल्यावर स्वयंपाकघराच्या दारालगतच्या चिंचोळ्या जागेत तिने टेबल टाकलं. फोनवर तिचा आवाज असा मऊ, की अडकलेली माणसं निवांत व्हायची. घरच्यांच्या वाट्याला मात्र तो मऊपणा फारसा उरत नसे.

काम संपलं की त्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवर गेम. दुसऱ्या गावची धाकटी नणंद आणि ती, दोघी बंदुका घेऊन पडक्या कारखान्यात शिरायच्या. लग्नापासून "बरी आहेस ना?"च्या पुढे न सरकलेलं त्यांचं नातं या गेममुळे एकमेकींवर खेकसण्याइतकं घट्ट झालं होतं.

एकदा हेडसेटची वायर खुर्चीच्या चाकाखाली आली आणि तुटली. "आता वायरचं लचांडच नको," ती म्हणाली. "स्वस्तातला वायरलेस घेते. कामालाही होईल, खेळायलाही."

दुकानदाराने ब्लूटूथवाला दिला. फोनला झटक्यात जोडला गेला, पण गेममध्ये आवाज रमतगमत यायचा. ती मरून पडायची आणि मग गोळी सुटल्याचं ऐकू यायचं.

"वहिनी, झोपलीस का गं? पावलं ऐकू येत नाहीत तुला?"

"येतात! मेल्यावर येतात!"

दुकानदाराने कपाळाला आठ्या घालत बदलून दिला. या दुसऱ्याचा चिमुकला रिसीव्हर कॉम्प्युटरला लावायचा होता. गोळ्या वेळेवर वाजू लागल्या, पण फोनला हा जोडलाच जाईना.

"अहो, मी विचारलं होतं ना, दोन्हीला चालेल का?"

"चालतं ना, मॅडम. दोन वेगवेगळे घ्या."

ती तणतणत घरी आली. नवरा मोबाईलवर लोकांची मतं वाचायला बसला. "हा म्हणतो झकास. ही म्हणते कानाला घाम येतो."

"माझ्या डोक्याला येतोय, त्याचं काय?"

शेवटी त्याच्याच पसंतीने तिसरा आला. तो फोनलाही लागायचा, कॉम्प्युटरलाही. फक्त माईक कानाच्या गादीत दडवलेला, आणि तो घरातलं एकूण एक टिपायचा.

दुसऱ्याच दिवशी एका वयस्कर गृहस्थांचा लिफ्टमधून फोन आला. श्वास फुललेला, आवाज कापरा. "लवकर या हो, गुदमरतंय मला."

"काका, हवा येत राहते आत. खाली बसा. मेकॅनिक निघालाय."

तेवढ्यात मिक्सर घरघरला. "अहो, बंद करा तो!" ती ओरडली.

"चटणी अर्धी राहिलीय!" नवरा आतून म्हणाला. "आणि हेडसेट तूच घेतलास!"

"मी? कोण म्हणालं होतं, डोळे झाकून घे?"

फोन चालूच असल्याचं तिला आठवलं. "काका? माफ करा. ऐकताय ना?"

"ऐकतोय. किती हेडसेट झाले आत्तापर्यंत?"

मग तिचा बांधच फुटला. दुकानदार, रिसीव्हर, मेल्यावर वाजणाऱ्या गोळ्या, सगळं तिने सांगून टाकलं. काका हुंकार देत राहिले. त्यांचा श्वास कधी ताळ्यावर आला, दोघांनाही कळलं नाही. दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा ते मेकॅनिकला म्हणाले, "एक मिनिट थांब रे बाबा," आणि तिला, "मग दुकानदार काय म्हणाला?"

साहेबांनी त्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि तिला झापलं. ग्राहकाला घरातली भांडणं ऐकवायची नसतात.

चौथ्या खेपेला तिने कोणालाच विचारलं नाही. तोंडापाशी दांडीचा माईक, रिसीव्हरही आणि ब्लूटूथही, असा एक हिरवा, दिसायला भयानक हेडसेट स्वतः कानाला लावून, दुकानातूनच नणंदेला फोन करून, खात्री करून आणला. मिक्सर फिरला तरी पलीकडे आता काही कळत नाही.

कामही सुरळीत झालं, खेळही. परवा ती चहा टाकून आली, तर फोन वाजत होता आणि तिच्या खुर्चीत नवरा हिरवा हेडसेट घालून, डोळे मिटून गाणी ऐकत बसलेला.

"काढा तो! अहो, कोणीतरी अडकलंय!"

त्याला ढिम्म ऐकू गेलं नाही. तिने हेडसेट त्याच्या डोक्यावरून ओढून काढला.