तिच्याबरोबर धरलेला श्वास

“श्वास धरा, आबा,” असं म्हणून ती डॉक्टरीण स्वतःचाही श्वास धरायची. गाल फुगलेले, डोळे पडद्यावर, हात माझ्या पोटावर. तुम्हीही कधी सोनोग्राफीच्या टेबलावर झोपला असाल. तुमच्या डॉक्टरनं कधी स्वतःचा श्वास धरलेला आठवतो का बघा.

मी एकदा विचारलं, “तुमी कशाला धरताय?”

“मला कळायला नको, पेशंटला कुठवर जमतंय ते?”

सांगलीच्या त्या दवाखान्यात मी आटपाडीहून एस.टी.नं जायचो. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. ती आणखी वाढते का, ते सहा-सहा महिन्यांनी बघायचं होतं. पहिल्या खेपेला उपाशीपोटी बोलावलेलं. सोमवार होता. मी गेलो, तर पडद्यावर नुसता धूर.

“आबा, काय खाल्लंत?”

“काय न्हाई. उपास हाय. शाबूची खिचडी तेवढी खाल्ली.”

ती हसून हसून खुर्चीतच बसली. मला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. दुपारी तिनं त्याच खोलीत, मशीनसमोर एकटीनं डबा खाल्ला. दार उघडंच होतं. मीही घरी तसाच जेवतो, भिंतीकडं तोंड करून.

मी जन्मभर उसाच्या रानात पाइपलाइनी टाकल्या. शाळा दुसरीपर्यंत, पण पाइपातलं मला कुणी शिकवायचं नाही. डॉक्टरीण ती नस बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायची. मी तिला अडवलं.

“पाणी आतनं जातंय. भिंत कशाला मोजताय?”

“फुगते ती भिंतच ना, आबा?”

मी हार मानली नाही.

“मग धडधाकट माणसाची केवढी असती?”

तिनं माझा अंगठा धरून आडवा केला. “साधारण एवढी रुंद. बायकांची जरा बारीक. वय झालं की थोडी रुंदावते. तुमची याच्या दीडपट झालीय. आता एवढ्यावरच थांबू दे.”

बायको गेल्यापासून माझा हात कुणी धरला नव्हता.

पुढं आमची शर्यतच लागायची, आधी श्वास कोण सोडतंय याची. विहिरीत बुड्या मारून वाढलेला माणूस मी, तरी तीच जिंकायची. “वाढली नाही,” म्हणायची, “आणि आजपण हरलात.”

मागच्या खेपेला तिनं आधी सोडला. खोकत भिंतीला टेकली.

“हरला की वो बाई!” मी टेबलावरनंच ओरडलो.

“एकदा तुम्हालाही जिंकू दे की, आबा.”

या खेपेला खोलीत नवा डॉक्टर होता. “मॅडम या उन्हाळ्यातच वारल्या. छातीचा आजार होता,” एवढं बोलून त्यानं पोटावर गार जेल लावलं. “श्वास धरा.”

मी धरला. त्याच्याकडं बघितलं, तर तो आपला खुशाल श्वास घेत होता.

“तेवढीच आहे, वाढली नाही. सोडा आता, आजोबा.”

मी सोडला नाही.

“आजोबा, झालं! सोडा की!”

मी भिंतीकडं बघत पडून राहिलो. कुणीतरी आधी सोडायला पाहिजे होता.