शून्य आलेलं नाव

मला आठवा महिना लागला होता तेव्हा हजेरीतात्यांनी मला ऑफिसात कोंडून बाहेरून कडी घातली होती. चांगला पाऊण तास. मी आतून दार बडवत होते, तोंडाला येईल ते बोलत होते, आणि हा माणूस मागे वळूनही न बघता प्रेस शॉपकडे चालत गेला. एवढंच सांगितलं की ऐकणारे म्हणतात, काय दुष्ट माणूस! म्हणून आधीपासून सांगते.

चाकणच्या आमच्या कंपनीत गेटला लागून टाइम ऑफिस होतं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, तीन शिफ्ट, कायमची माणसं थोडी आणि ठेकेदाराची जास्त. त्या सगळ्यांची हजेरी तात्यांकडे. तात्या तिथल्याच एका गावचे, कंपनीच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं शेत होतं, पुढे तेही कुठल्याशा गोडाऊनखाली गेलं. मी लातूरकडची, लग्न होऊन थेरगावात आलेली. नवरा गणेश त्याच कंपनीत प्रेस शॉपला होता. कॉम्प्युटरवर हजेरी भरायच्या कामाला मी लागले आणि तात्यांच्या समोरच्या टेबलावर बसले. बाळासाहेब गायकवाड हे त्यांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर यायचं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही.

कुणाच्या घरी बाळ झालं की पेढे आधी आमच्याकडे येत, कारण रजेचा अर्ज तिथेच द्यावा लागे. तात्या पेढा हातात धरून ठेवत. "नाव काय ठिवताय?" समोरचा नवा बाप लाजत म्हणे, "शिवांश." तात्या माझ्याकडे बघत. "पोरी, टाक." विम्यासाठी कामगारांच्या बायकापोरांची नावंही आमच्या यादीत भरलेली असत. मी त्यात नाव टाकून शोधायचे. "अकरा आले तात्या."

"अकरा! म्हंजी बाईंनी शाळेत हाक मारली की अकरा पोरं उभी राहत्याल. दुसरं बघ, मर्दा."

शून्य आलं तरच पेढा तोंडात जायचा. नाहीतर तो कागदात गुंडाळून खिशात. सगळे मोबाइलवर हटके नावं शोधायचे आणि सगळ्यांना तीच सापडायची. तात्या म्हणायचे, "समदी एकाच दुकानातनं येगळेपणा आणत्यात." स्वतः सुचवायची वेळ आली की ते त्यांच्या गावातली नावं काढत. सगुणा, गोंदा, तुळाजी, बहिरू. लोक हसून निघून जायचे. एका वेल्डरने मात्र मुलीचं नाव खरंच सगुणा ठेवलं, आणि महिनाभराने येऊन सांगितलं, "तात्या, बायको रोज तुमच्या नावानं बोटं मोडती." तात्यांनी विचारलं, "पण हाक मारल्यावर दुसरी कोण बघती का?" तो म्हणाला, नाही. "मग मोडू दे."

मला हा सगळा म्हातारपणचा चाळा वाटायचा. त्यांची दुसरी सवय मात्र डोक्यात जायची. बाहेरून कामगारासाठी फोन आला की ते नाव विचारत, मग बापाचं नाव, गाव, डिपार्टमेंट, टोकन नंबर, आणि एवढं झाल्यावर म्हणत, "आता परत सांगा." एकदा कुणाच्या तरी भावाचा फोन होता, आई सिरियस आहे म्हणून. तात्यांनी त्याचीही उजळणी घेतली. पलीकडचा माणूस रडत होता, ते मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होतं. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "तात्या, माणुसकी काही आहे की नाही?"

"हाय म्हणूनच इचारलं," ते म्हणाले. "नाव हाका मारायला असतं, आसं तुला वाटतं. निरोप आला म्हंजी कळंल कशाला असतं ते."

मला दिवस गेले तेव्हा तात्यांनी काही महिने कळ काढली. सातव्यात एकदा मीच बोलून गेले की मुलगी झाली तर आद्या ठेवणार, नणंदेने सुचवलंय. त्यांनी मला स्वतःच्याच बाळाचं नाव शोधायला लावलं. सात आले. मी चिडले. म्हटलं, "सात का सत्तर येईनात, बाळ माझं आहे. तुमच्या यादीसाठी मी बाळंत होत नाहीये."

ते रागावले नाहीत. थोड्या वेळाने चहाचा कप सरकवत म्हणाले, "भामा ठिव. आमची नदी हाय. शून्य येतंय, म्या तू नसताना एका बोटानं टाकून बघितलंय."

"भामा? अहो, आजीचं नाव वाटतं ते. शाळेत पोरं जगू देणार नाहीत तिला."

पुढचे दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. आणि त्यानंतरच्या आठवड्यात ते झालं.

दुपारचे अडीच वाजले असतील. पहिली शिफ्ट सुटायला अर्धा तास होता. इंटरकॉम वाजला, तात्यांनी उचलला. मला फक्त त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. "व्हय, टाइम ऑफिस. काय?... कोण? गणेश शिंदे?... आरं, कोणता गणेश शिंदे? हॅलो? हॅलो!"

गणेश शिंदे म्हणजे माझा नवरा.

तात्यांनी रिसीव्हर ठेवला आणि ते फोनकडेच बघत राहिले. मी उभी राहिले. "काय झालं?"

"प्रेसखाली हात घावलाय कुणाचा तरी."

"कुणाचा तरी काय? तुम्ही नाव घेतलंत, मी ऐकलं."

"नाव ऐकलंस तू. माणूस कोण त्ये अजून मलाबी ठावं न्हाई." ते दारापर्यंत गेले, मग वळून बोट रोखून म्हणाले, "म्या डोळ्यांनी बघून येत न्हाई तवर कुणाचंबी काय ऐकायचं न्हाई. कुणाचंबी." बाहेर पडले आणि कडी घातली. मी दाराला धडका दिल्या. त्यांनी मागे बघितलं नाही.

शॉपमध्ये मोबाइल न्यायला बंदी, सगळ्यांचे फोन गेटवरच्या कपाटात, त्यामुळे नवऱ्याला फोन करायची सोय नव्हती. इंटरकॉम फिरवला, प्रेस शॉपमध्ये कुणी उचलेना. मग मला जे सुचलं ते आठवलं की आजही नवल वाटतं. मी खुर्चीवर बसले आणि यादीत नाव टाकलं. गणेश शिंदे. तीन आले. एक पेंट शॉपचा. एक ठेकेदाराचा, प्रेस शॉपचा. एक माझा, प्रेस शॉपचा. मी त्या तीन ओळींकडे बघत बसले. त्यातली एक ओळ आपली नसावी, एवढंच मागत होते. म्हणजे ती दुसऱ्या कुणाची तरी असावी, असं मागत होते.

कामगार कार्ड दाखवायचे ती छोटी खिडकी होती. तिच्यापाशी माणसं जमली. लोडिंगचा एक जण वाकून म्हणाला, "वहिनी, पाणी प्या. बसून राहा." मी विचारलं, पाणी कशाला? मागून कुणीतरी बोललं, "शिंदेचा हात गेला म्हणत्यात," आणि बाजूच्याने त्याला कोपराने ढोसलं. मी ओरडले, "कोणता शिंदे?" कुणालाच सांगता येईना. त्यांच्यापैकी एकानेही काही बघितलेलं नव्हतं, नाव मात्र सगळ्यांना माहीत होतं.

मग ॲम्ब्युलन्स आली. ती परत निघाली तेव्हा गेटवर क्षणभर थांबली. काचेतून मला फक्त पांढरी चादर आणि तिच्या बाहेर आलेले दोन बूट दिसले. कंपनीचे काळे बूट, सगळ्यांना सारखेच मिळतात. माझ्या पोटातलं बाळ सकाळपासून धिंगाणा घालत होतं, ते अगदी गप्प झालं. मी पोटावर हात ठेवून बसले आणि तात्यांना शिव्या द्यायचंही बंद केलं.

कडी निघाली तेव्हा दारात तात्या होते आणि त्यांनी माझ्या नवऱ्याचं मनगट धरलं होतं. शाळा चुकवलेल्या पोराला आणावं तसं ओढत आणलं होतं त्याला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, अंगावर तेल होतं, बाहीवर रक्त होतं. "ह्याचं रगात न्हाई ते," तात्या आधी म्हणाले. मग त्याला म्हणाले, "हात म्होरं कर. दोन्ही." आणि मला म्हणाले, "मोज."

मी मोजली. खरंच मोठ्याने मोजली, एक, दोन, तीन. दहा झाल्यावर मला रडू फुटलं.

तेवढ्यात तात्यांनी ठेकेदाराच्या माणसांची फाइल काढून पत्ता कागदावर उतरवला होता. म्हाळुंग्यातल्या एका खोलीचा पत्ता. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, मी फोन करतो घरी. तात्यांनी त्याला गप्प केलं. "फोन न्हाई. म्या सोता जातो." आणि गाडीला किक मारून गेले. त्या दुसऱ्या गणेश शिंदेची उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्या दिवशी मला आनंद झाला होता. दुसऱ्या बाईच्या घरावर बेतलं म्हणून तो माझ्या वाट्याला आला होता, हे कळत असूनही झाला होता. त्याची लाज मला आजही वाटते, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा होईल हेही मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना विचारलं, कडी का घातली. त्यांनी बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे केले, मग सांगितलं. कंपनी नवीन असतानाची गोष्ट. संतोष पवार नावाचे दोघे होते, एक आकुर्डीला राहायचा, एक निगडीला. त्यातल्या एकाला सकाळी रस्त्यात ट्रकने उडवलं, तो जागीच गेला. टाइम ऑफिसला फोन आला, तात्यांनी नाव ऐकलं आणि रजिस्टरात जो पहिला दिसला त्याच्या घरी माणूस धाडला. आकुर्डीला.

"संतोष जित्ता, मशीनवर उभा," तात्या म्हणाले. "आन् तिकडं चाळीतल्या बायांनी त्याच्या बायकूच्या बांगड्या फोडल्या. तो संध्याकाळच्याला डबा घेऊन घरी गेला तवा त्याची आई त्याला बघून किंचाळली."

मी म्हटलं, "पण तो जिवंत होता ना. नंतर सगळं नीट झालं असेल."

"त्यांचं झालं." तात्या माझ्याकडे न बघता म्हणाले. "निगडीच्या बाईला दिसभर कुणी काय सांगितलंच न्हाई. सगळ्यांना वाटलं, निरोप पोचला. म्या रात पडायच्या आत पळत गेलो तर ती भाकऱ्या थापत हुती. नवऱ्याच्या वाटणीच्या धरून. मला बघून म्हणली, भाऊजी, बसा, येतीलच ते एवढ्यात."

मग त्यांनी नेहमीसारखं रजिस्टर उघडलं आणि शिफ्टची हजेरी वाचायला लागले. मी त्यानंतर त्यांना कधीच काही विचारलं नाही.

मला मुलगी झाली. बारशाला नणंद पाळण्यात वाकली, बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ती आद्या म्हणायच्या आत मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "भामा." सासूबाईंनी नाक मुरडलं, बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नणंद चार दिवस बोलली नाही. नवरा मात्र मागून एवढंच म्हणाला, "जे ती म्हणते तेच सांग, ताई."

कामावर परत गेले तेव्हा मी पेढा तात्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी रीत सोडली नाही. "टाक." मी टाकलं. शून्य. त्यांनी पेढा खाल्ला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "आता एक कर." मी मुलीचं नाव यादीत भरलं.

तात्या निवृत्त झाले, त्यांच्या जागी अंगठ्याचं मशीन आलं. आम्ही दोघांनीही पुढे कंपन्या बदलल्या. जुन्या लोकांचा मोबाइलवर ग्रुप होता, त्यावर वाढदिवस आणि सणावारांची चित्रं येत राहायची. मागच्या वर्षी एका सकाळी त्यावर मजकूर आला, 'आपले माजी सहकारी बाळासाहेब गायकवाड यांचे दुःखद निधन.' स्टोअरला एक बाळासाहेब गायकवाड होते, खूप दिवसांपासून आजारी. मला वाटलं, सुटले बिचारे. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि भामाच्या डब्यात पोळीचा रोल भरायला लागले. माझ्याआधी चाळीस जणांनी हात जोडले होते.

तिसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर स्टोअरच्या गायकवाडांनी लिहिलं, 'मी बरा आहे. घरी सारखे फोन येत आहेत. गेले ते आपले हजेरीतात्या.'

टाइम ऑफिसात सहा वर्षं मी त्यांच्यासमोर बसले होते. त्यांचं नाव मला ठाऊक होतं. कोणते गायकवाड, एवढं एकदा विचारलं असतं, तर मला त्यांचं तोंड बघायला मिळालं असतं. एकदा हातून झाल्यावर त्यांनी आयुष्यभर जी चूक पुन्हा कुणाकडून होऊ दिली नाही, ती मी त्यांच्याच निरोपाच्या वेळी केली.

दहाव्याला भामाला घेऊन गेले. नदीच्या काठी, त्यांच्या गावाच्या घाटावर. त्यांच्या पत्नीला मी पहिल्यांदाच बघत होते. मी त्यांचे पाय धरले आणि काय झालं ते सांगून टाकलं. त्यांनी मला उठवलं. "रडू नगं. लई जणांनी त्या स्टोअरवाल्यालाच वाटंला लावला. ह्ये असते तर इतकं चिडले असते..." आणि त्या मला धरून एकदम हसल्या, आणि हसताहसता रडल्या. मग भामाकडे बघून म्हणाल्या, "ही कोण?"

मी नाव सांगितलं.

"शून्यवाली?" त्यांनी पोरीची हनुवटी धरली. "तुज्या नावाचा पेढा खाल्ला तवा घरी यून सांगितलं हुतं मला. म्हणलं, आज एक पोरगी पक्की केली."

निघायची वेळ झाली तेव्हा भामा कुठे दिसेना. घाटावर पाहुण्यांची गर्दी, पोरंबाळं पाण्याशी खेळत होती, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. मी पायरीवरूनच हाक मारली, "भामा!"

एकटीनेच मान वळवली.