वांग्यांच्या घरची मुलगी

किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. ते स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे आपोआप साठतात, आणि एक ओढायला गेलं की दहा बाहेर येतात! लंडनच्या आमच्या हॉस्पिटलात, देशी डॉक्टरांच्या कंपूत ऐंशी-नव्वदच्या दशकांत जे साठले, त्यातले निम्मे एकट्या राममोहनचे. आणि त्यातले बहुतेक त्याच्या आडनावाचे.

राममोहन सोलापूरचा. घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी मराठी. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचा.

*

तेलुगू लोकांत घराण्याचं नाव आधी, माणसाचं नंतर. म्हणून हा ‘वंकायला राममोहन’. इथल्या स्विचबोर्डने शेवटचा शब्द आडनाव म्हणून धरला आणि त्याचा डॉक्टर राममोहन झाला. पुढे ओळख वाढल्यावर कन्सल्टंटसाहेब जवळीक दाखवायला त्याला नुसतं ‘वंकायला’ म्हणू लागले!

"मान द्यायचा तर नाव, आणि लाड करायचे तर आडनाव," राममोहन म्हणायचा. "उलटा देश आहे रे हा!"

*

स्टॅनमोरला आमच्याकडे तो पहिल्यांदा जेवायला आला, तेव्हा माझ्या बायकोने, लताने, हौसेने भरली वांगी केली होती. ताट बघून हा हसायलाच लागला.

"वहिनी, वंकाया म्हणजे वांगं! आमच्या अख्ख्या घराण्याला मसाला भरून वाढलंत की!"

मग त्याने घराणं दोनदा मागून घेतलं.

*

वांगंच का, याचं उत्तर दर वेळी वेगळं. एकदा म्हणाला, पूर्वजांचा वांग्यांचा मळा होता. पुढच्या दिवाळीत त्याच पूर्वजाने राजाला भाजी खिलवून जहागीर मिळवली होती. त्याचे थोरले भाऊ सोलापूरहून आले, तेव्हा मी त्यांनाच गाठलं.

"कसली जहागीर?" ते म्हणाले. "अहो, आमचे खापरपणजोबा बुटके आणि गोल होते. गावाने नाव ठेवलं!"

राममोहन उरलेला मुक्काम भावाशी बोलला नाही.

*

इंग्लंडमध्ये आपल्याशिवाय दुसरा वंकायला नाही, हे मात्र त्याला फार सलायचं. कुठल्याही गावी गेलो की हा आधी फोनबॉक्समध्ये शिरून डिरेक्टरी चाळायचा. एकदा मिल्टन कीन्सला फोनबॉक्स कुठल्या बाजूला असेल ते ठरेना, म्हणून राउंडअबाउटवर गाडी गोल गोल फिरवत राहिला.

"भावजी, कुठलीही एक्झिट घ्या, मला गरगरतंय!" लता मागून ओरडली.

त्याची बायको सरोजा थंडपणे म्हणाली, "दुसरं वांगं सापडेपर्यंत हे थांबत नाहीत."

*

आणि नव्वदनंतर सापडलं! ब्रॅकनेलच्या एका कंपनीत हैदराबादहून नवा प्रोग्रामर आला, वंकायला प्रसाद. गाव वेगळं, नात्याचा पत्ता नाही, पण आडनाव तेच. राममोहन स्वतः जाऊन त्याला गाडीत घालून घेऊन आला. "हे तुझंच घर," म्हणाला. मग दर वीकेंडला प्रसाद जेवायला, आणि परत जाताना त्याला स्टेशनवर सोडायला राममोहनची इथेच वाढलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी सॉलिसिटर मुलगी, शैलजा.

वर्षभराने ती म्हणाली, "डॅड, मी आणि प्रसाद लग्न करतो आहे."

राममोहन घरातल्या चपलांवरच आमच्याकडे आला. "एका घरनावाची मुलं म्हणजे आमच्यात सख्खे भाऊ-बहीण! आणि त्याला घरात आणलं कुणी? मीच!"

मला आधी हसू येत होतं. त्याचा चेहरा बघून ते गेलं.

*

सोलापूरहून त्याच्या आईने फोनवर निक्षून सांगितलं, "हे लग्न असंच लावलंस तर माझ्या मयतालाही येऊ नकोस." शैलजा बॅग भरून मैत्रिणीकडे राहायला गेली. मधल्या मध्ये राममोहन वाळत चालला.

शेवटी तोड आईनेच काढली. मुलगी दुसऱ्या घराण्यात दत्तक द्यायची. घरनाव बदललं की भाऊ-बहीण हे नातं संपलं!

फोन ठेवून राममोहन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "जोग, तुला मुलगी हवी का रे?"

*

लग्नाच्या सकाळी, हॅरोच्या हॉलमध्येच दत्तकविधान झालं. भटजी म्हणाले, मुलीला मांडीवर घ्या.

"काका, तुमची गुडघा ठीक आहे ना?" म्हणत सॉलिसिटरबाई माझ्या मांडीवर टेकल्या आणि शैलजा जोग होऊन उठल्या. आम्हाला दोन्ही मुलगेच. लताला रडू आवरेना, आणि खरं सांगायचं तर मलाही.

*

कन्यादानाला अर्थातच आम्ही दोघं बसलो. राममोहन आणि सरोजा पाहुण्यांत, दुसऱ्या रांगेत. भटजींनी मुलीचा हात मागितला. मी माझा हात पुढे केला, पण शैलजा काही तिचा हात देईना. ती मान वळवून मागे बघत बसली होती. मंत्र थांबले. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

राममोहन उठून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडला, "अगं, माझ्याकडे काय बघतेस? वडील तिकडे बसलेत तुझे!"