खरजेवरचं औषध

शरणम्माच्या घरात कुणाला खरूज झाली असं गावानं कधी ऐकलं नव्हतं, आणि झाली असती तरी शरणम्मानं ती गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नसती. शिरूर अनंतपाळपासून दोन कोसांवरच्या त्या गावात तिच्या नवऱ्याचं, नागप्पाचं, बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. ओटीवर बसलेल्या गिऱ्हाइकाला थेट चूल दिसायची, म्हणून चुलीपुढची जमीन ती दिवसातून दोनदा सारवायची. पंचवीस वर्षं तिनं घराची अब्रू अशी सारवून ठेवली होती.

लातूर वेगळा जिल्हा होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती, आणि पावसानं तोंड फिरवल्याचंही ते दुसरं वर्ष होतं. थोरला मुलगा शिवमूर्ती लातूरला नव्या कचेऱ्यांच्या बांधकामावर मुकादम म्हणून लागला होता. तिथं एका खोलीत अकरा जण झोपायचे. शनिवारी संध्याकाळी तो एसटीनं घरी यायचा, सोमवारी दिवस उगवायच्या आत परत जायचा. गावात टँकर एक दिवसाआड यायचा. घरात धाकटी दोन पोरं धरून सात माणसं, आणि रेटारेटी करून पाच घागरी मिळाल्या तरी खूप. आंघोळ म्हणजे तांब्याभर पाणी आणि ओला पंचा.

खरूज पहिल्यांदा दिसली ती सुनेच्या, महादेवीच्या हातांवर. तिला सातवा महिना लागला होता. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर बारीक पुरळ उठलं, मग खाजवून खाजवून फुटलं. इष्टलिंगाची पूजा करताना ती लिंग डाव्या तळहातावर घ्यायची तेव्हा पाण्याचे चार थेंब पडले तरी तिचे ओठ आवळले जायचे. म्हातारीनं, म्हणजे नागप्पाच्या आईनं, तेवढ्यावरून निकाल दिला, की हे उमरीकडचं. तिकडं समदे एका डबक्यात न्हातात. महादेवीचं माहेर उमरीजवळ होतं. ती तिकडून येऊन चार महिने झाले होते, पण हे कुणी मोजलं नाही. शिवमूर्ती दर शनिवारी येऊन कमरेला आणि काखेला खाजवायचा, तेही शरणम्मानं पाहिलं होतं. मुलाच्या अंगाकडं बघायचं आणि सुनेच्या माहेराला नाव ठेवायचं, हे तिला नवं नव्हतं. तिच्या सासूनं तिच्यापुढं हेच केलं होतं.

आरोग्य उपकेंद्राची नर्स, सिंधु सिस्टर, दर मंगळवारी गावात यायची. शरणम्मानं तिला दुकानाच्या बाजूनं न आणता मागच्या दारानं आणलं. सिस्टरनं महादेवीचे हात उजेडाकडं धरून पाहिले, पोट तपासलं आणि पिशवीतून गंधकाच्या मलमाचा डबा काढून दिला. तीन दिवस मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं, रोज धुऊन परत लावायचं, अंथरूण-कपडे उकळायचे आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं. एकानं जरी सोडलं तरी फिरून येणार.

निघताना दारात तिनं शरणम्माला थांबवलं. महादेवी आत होती.

"काकू, खरजेचं पांढरं औषध मिळतं बाजारात, एका रात्रीत गुण येतो म्हणतात. ते पोटुशीला द्यायचं न्हाई. आणि तुमच्या दुकानातली जवारीवर मारायची पावडर तर हातसुद्धा लावू देऊ नका. लई घरांत तेलात कालवून लावून राहिलेत लोक. फुटलेल्या कातडीतनं ती रक्तात जाते."

शरणम्मा म्हणाली, आमाला काय येवढंबी कळत न्हाई का. आणि तिला खरंच कळत होतं. मागच्या साली गोचिडांसाठी वासराला ती पावडर चोळली होती. वासरानं अंग चाटलं, पाय झाडले आणि संध्याकाळच्या आत गेलं.

मलम पिवळं होतं आणि त्याला सडक्या अंड्याचा वास होता. शरणम्मानं नवऱ्याला सांगून पाहिलं. नागप्पानं वहीतून डोकं वर न काढता विचारलं, की मी असला वास घेऊन गल्ल्यावर बसू का. गिऱ्हाईक काय म्हणंल, नागप्पाला खरूज झाली? मला न्हाई काही. असं म्हणताना त्याचा हात धोतराच्या निऱ्यांत गेला होता. शिवमूर्ती म्हणाला, बायकांचं बायकांत ठेवा. म्हातारीनं डब्याकडं बघून नाकाला पदर लावला. आणि पाणी तरी सात जणांना तीन दिवस कुठून आणायचं होतं? शरणम्मानं हिशेब केला आणि मलम एकट्या महादेवीला लावलं. स्वतःच्या वाटची आंघोळ सोडून तिनं ते पाणी सुनेला दिलं, अंथरूण उन्हात टाकलं. यात तिनं कसूर केली नाही, हे पुढं तिला बोलणाऱ्या बायकांनीही कबूल केलं.

महादेवीचे हात आठ दिवसांत निवळले. दोन शनिवार गेले. मग बेचक्यांत पुन्हा पुरळ आलं, पहिल्यापेक्षा दाट.

आणि सोमवारी डोहाळजेवण होतं.

कासाराला सांगून झालं होतं. उमरीहून महादेवीची आई हिरवं लुगडं घेऊन येणार होती. गावातल्या पंचवीस बायका येणार, आणि कासार सुनेचा पंजा हातात घेऊन, दाबून, सगळ्यांसमोर हिरव्या बांगड्या चढवणार. कासाराच्या नजरेतून हात सुटत नाही. शुक्रवारी शरणम्मानं महादेवीचे हात पाहिले. गंधकानं हात निवळायला आठ दिवस लागणार, वर तो वास. ओटी भरायला वाकलेली प्रत्येक बाई हुंगून उठणार. तिनं नागप्पाला म्हटलं, डोहाळजेवण पुढं ढकलू. कारण काय सांगायचं, त्यानं विचारलं. कारण सांगण्यासारखं नव्हतं.

शनिवारी दुपारी दुकान बंद होतं. शरणम्मानं फोडलेल्या पोत्यातून वाटीभर पावडर घेतली आणि करडीच्या तेलात कालवली. मनाशी तिनं ठरवलं होतं, फक्त हात. पोटाला न्हाई, छातीला न्हाई. मनगटाच्या वर बोट जाऊ द्यायचं नाही. वासरानं चाटली होती, म्हणून मेलं. माणूस काय हात चाटतंय?

महादेवीनं वास ओळखला. ती दुकानदाराची सून होती.

"आत्याबाई, ही जवारीची पावडर हाय ना? शिष्टरला इचारलं का?"

"इचारलं," शरणम्मा म्हणाली. "हाताला चालती म्हणली."

महादेवीनं हात पुढं केले. पहिल्यांदा झोंबलं, मग ती म्हणाली, आता बरं वाटून राहिलंय, खाज थांबली. संध्याकाळी तिनं त्याच हातांनी भाकरी मोडून खाल्ली. तेल जाईल म्हणून शरणम्मानं हात धुऊ दिले नव्हते, नुसते फडक्यानं पुसले होते. रविवारी पुरळ सुकलेलं दिसलं. शरणम्माला हायसं वाटलं, आणि अजून जरा उरलंय म्हणून तिनं दुपारी परत एकदा लावलं.

सोमवारी सकाळी महादेवी उठली ती डोकं धरून. मळमळतंय म्हणाली. या महिन्यात मळमळायचंच, म्हातारी बोलली. आईनं आणलेलं हिरवं लुगडं ती नेसली. पाटावर बसल्यावर तिचे हात थरथरायला लागले, तेव्हा बायकांनी थट्टा आरंभली, की कासाराला एवढं भिती, मग बाळंतपणात काय करंल ही? कासारानं पंजा हातात घेतला. सुकलेल्या खपल्यांवर त्याचा अंगठा क्षणभर थांबला, पण तो जुना माणूस, काही बोलला नाही. नऊ बांगड्या चढल्या. दहावी चढवताना महादेवीचा हात लाकडासारखा ताठ झाला. मान एका अंगाला वळली, डोळे पांढरे झाले आणि ती पाटावरून खाली आली. तिचे हातपाय जमिनीवर आपटत राहिले आणि बांगड्या फुटत राहिल्या. अपशकुन नको म्हणून दोन-तीन बायका लेकरं घेऊन उठल्या. महादेवीच्या आईनं मुलीचं डोकं मांडीवर धरलं. शरणम्मा जागची हलली नाही. ते पाय झाडणं तिनं ओळखलं होतं.

त्या वेळी गावात मोटार म्हणावी अशी एकच होती, पाण्याचा टँकर. त्याचं अर्धं पाणी अजून विहिरीत सोडायचं होतं. ते तसंच ठेवून ड्रायव्हरनं महादेवीला पुढं घेतलं. वाटेत तिला आणखी दोनदा झटके आले.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. गरोदर बाईला झटके म्हटल्यावर त्यानं आधी रक्तदाब पाहिला. तो ठीक निघाला. त्यानं विचारलं, काही खाण्यात आलं का? अंगाला काही लावलं का? नागप्पा लगेच म्हणाला, न्हाई साहेब, आमचं घर तसलं न्हाई. बायकोकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टर कागदावर लिहायला लागला.

"मी लावली," शरणम्मा म्हणाली. "जवारीवर मारायची पावडर. तेलातून. दोन दिवस."

नागप्पानं तिचा दंड धरला. डॉक्टरनं लिहिलेलं खोडलं आणि आत आवाज दिला. महादेवीचे हात साबणानं तीन-तीनदा धुतले, सुया टोचल्या, नळ्या लावल्या. रात्रीपर्यंत झटके थांबले. पोटातले ठोके मात्र दवाखान्यात आणल्यापासूनच लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी मूल झालं ते गेलेलंच. मुलगी होती. नागप्पानं तिला फडक्यात गुंडाळून गावी नेलं आणि शेताच्या बांधाला पुरलं. भेटायला आलेल्या एका नात्यातल्या बाईनं शरणम्माचं सांत्वन केलं, की पोरगीच व्हती, जाऊ दे. शरणम्मानं तिला चहा विचारला नाही.

चौथ्या दिवशी महादेवी उशीला टेकून बसायला लागली. आलेला पान्हा सुकावा म्हणून तिच्या छातीवर फडकं घट्ट बांधलं होतं. तोवर गावात नागप्पानं सांगून टाकलं होतं, की शिष्टरनं भलतंच औषध सांगितलं, आमच्या बायका भोळ्या, त्यांनी लावलं. चार लोक तिच्याविरुद्ध तालुक्याला अर्ज द्यायलाही निघाले होते. शिवमूर्तीनं हे दवाखान्यात येऊन आईला समजावून सांगितलं. आता तू असंच म्हण, तो म्हणाला. तिची काय, बदली व्हईल फार तर. आपल्याला गावात ऱ्हायचंय.

शरणम्मा भाकरी-कालवणाचा डबा घेऊन वॉर्डात गेली. महादेवीची आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. ती उठली नाही, सरकलीही नाही. शरणम्मा उभीच राहिली.

महादेवी आपल्या हातांकडं बघत होती. खरूज गेली होती. बेचक्यांत नवी गुलाबी कातडी आली होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "शिष्टर हाताला चालती म्हणली, असं तुम्ही सांगितलं. खरंच म्हणली का ती?"

होकाराचा एक 'हाव' पुरला असता. घर राहिलं असतं, दुकान राहिलं असतं, सूनही कदाचित महिन्या-दोन महिन्यांनी परतली असती आणि दोघींनी मिळून त्या सिस्टरला शिव्या दिल्या असत्या. शरणम्मानं डब्याची कडी धरून ठेवली.

"न्हाई," ती म्हणाली. "हात बी लावू देऊ नका म्हणली व्हती. मलाच सांगितलं व्हतं, दारात."

महादेवी रडली नाही. तिनं दोन्ही हात चादरीखाली घेतले आणि आईला म्हणाली, उमरीच्या गाडीला जागा मिळतीय का बघून ये. आई उठली. शरणम्मानं डबा खिडकीत ठेवला. कुणी त्याला नको म्हटलं नाही आणि कुणी तो उघडलाही नाही.

त्या दुपारी ती घरी गेली नाही. एसटी स्टँडावर चौकशी करून, दुसऱ्या गाडीनं सिंधु सिस्टरच्या उपकेंद्राकडं निघाली. जे वॉर्डात बोलली, तेच तिला तिथं कागदावर लिहून द्यायचं होतं. तिला लिहिता येत नव्हतं. अंगठा उठवता येत होता.