लिफ्टमधला अंतराळवीर

मंडळी, आज दुपारी एव्हरशाईन कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगची वीज गेली आणि मी लिफ्टमध्ये अडकले. सोबत मीच काढलेलं चित्र, काळ्या आकाशात मोकळा तरंगणारा अंतराळवीर. खाली प्रदर्शनाला न्यायचा टेम्पो उभा.

मी दार बडवलं. बाहेरून सेक्रेटरी काका ओरडले, "घाबरू नकोस गं! मेकॅनिक यायला अजून अवकाश आहे!"

हसू की रडू? चित्राचं नावच 'अवकाश' आहे.

मोबाईलच्या उजेडात त्या अंतराळवीराकडे बघत बसले. कसला मोकळा? काचेच्या टोपात डोकं बंद आणि दोरीने यानाला बांधलेला. वन-बीएचकेच्या ओट्याशेजारी उभी राहून तीन वर्षं मी स्वतःलाच रंगवत होते.

अखेर आम्ही दोघं सुटलो, चित्र रवाना झालं, मी कुकर लावला.

तुमच्या घरात आहे का हो, थोडा अवकाश?