जोडीदाराचं म्हणणं

माझा मामा गणिताचा प्राध्यापक. चूक कबूल करणं त्याच्या अगदी जिवावर यायचं. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तरी पठ्ठ्या तो पिऊन दाखवायचा.

वर्षातून एकदा मात्र तो इस्त्रीचा शर्ट घालून मोठ्या उत्साहाने निघायचा. मेंदू माहिती कोणत्या खुणांनी टिपून ठेवतो, यावर एक छोटीशी बैठक भरायची. एकाच खोलीत डॉक्टर, गणिती, इंजिनियर, उंदरांवर प्रयोग करणारे. कुणाचं कुणाला कळायचं नाही. म्हणून तिथे नियम होता: फळ्यापाशी स्वतःचं नाही, जोडीदाराचं म्हणणं मांडायचं, आणि तेही अगदी पटल्यासारखं.

मामाच्या जोडीला एक डॉक्टरबाई होत्या. मेंदूतल्या पेशी विजेचे ठोके देतात. मामा म्हणायचा, किती पडले ते मोजा, त्यातच सगळं आलं. बाई म्हणायच्या, किती ते सोडा, कधी पडले ते बघा. वर्षानुवर्षं दोघं फळ्यावर एकमेकांची बाजू मांडायचे आणि जेवणाच्या सुट्टीत आपापल्या बाजूने कडाकडा भांडायचे. मामी म्हणायची, "माझ्याशी कधी एवढं बोललात?"

एका हिवाळ्यात मामाचंच गणित मामावर उलटलं. बाईंचं बरोबर निघालं.

"मग फोन कर की," मी म्हटलं.

"फोनवर कसली मजा? भर बैठकीत सांगतो. बाईंचा चेहरा बघायचाय मला."

त्या वर्षी इमारतीची दुरुस्ती निघाली आणि बैठक पुढे गेली. नंतर भरली, तर बाईच आल्या नाहीत. त्यांना काही आठवत नाही, असं कळलं.

तेव्हा कुठे मामा मला घेऊन त्यांच्या घरी धावला. लेकीने त्यांना खिडकीपाशी बसवलं होतं. त्यांनी मामाला ओळखलं नाही. तरी तो खुर्ची ओढून बसला. "बाई, तुमचं बरोबर होतं. ठोके कधी पडतात, त्यातच सगळं आहे."

बाई एकदम ताठ बसल्या. "चूक. कधी ते सोडा. किती पडले ते मोजा." आणि बोटाने हवेत मामाचंच जुनं सूत्र मांडायला लागल्या. इतकी वर्षं फळ्यावर मांडलेलं तेवढं राहिलं होतं. स्वतःचं पार पुसलं गेलं होतं.

"अहो, ते माझं होतं," मामा म्हणाला. मग जीव तोडून त्यांची बाजू त्यांनाच पटवत राहिला. त्यांना पटेना.

शेवटी तो उठला. "तेव्हाच फोन करायला हवा होता गं," मला म्हणाला आणि दारातच रडला. मागे बाई लेकीला सांगत होत्या, "हुशार आहेत, पण हट्टी. चूक म्हणून कबूल करायची नाही."